आमदार निवडून आला, पुढे काय? पंधराव्या विधानसभेच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात एकाच टप्प्यात मतदान झालं, २३ ला निकाल लागला आणि २८८ जण आमदार झाले. गुलाल, डीजे, जेसीबीतून फुलं हे सगळं आपण टीव्हीवर पाहिलं. त्यानंतरचं मात्र फारसं कुणी समजावून सांगत नाही. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं शक्यतो याच विधानसभेच्या उदाहरणांनी दिली आहेत.

निकाल लागला की माणूस त्याच क्षणी आमदार होतो का?

निवडून आलेला म्हणून, हो. निवडणूक निर्णय अधिकारी मतमोजणी केंद्रावर विजयाचं प्रमाणपत्र हातात देतो, तीच निवडीची तारीख धरतात. सभागृहात बसायला आणि मत द्यायला मात्र शपथ लागते. शपथ न घेता कुणी बसलंच, तर राज्यघटनेच्या कलम १९३ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. १९५० सालापासून रक्कम तेवढीच आहे, तेव्हा ती जरब बसवणारी असावी.

मधल्या काळात एक कागदी टप्पा असतो. निवडून आलेल्या सर्वांची नावं निवडणूक आयोग राजपत्रात प्रसिद्ध करतो आणि नवी विधानसभा रीतसर अस्तित्वात येते. या वेळी ते राजपत्र २४ नोव्हेंबरला, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, राज्यपालांकडे पोहोचलं.

मग "२६ नोव्हेंबरच्या आत सरकार आलं नाही तर राष्ट्रपती राजवट" ही काय भानगड होती?

व्हॉट्सॲपवरची. चौदाव्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती, हे खरं. पण राजपत्र निघाल्यामुळे पंधरावी विधानसभा त्याआधीच तयार झाली होती. एकनाथ शिंदे यांनी २६ ला राजीनामा दिला आणि ते काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणून राहिले. निकालानंतर बाराव्या दिवशी, ५ डिसेंबरला, आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. शिंदे आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. एवढं घसघशीत बहुमत असून बारा दिवस का लागले, याचं उत्तर घटनेत सापडत नाही. ते खातेवाटपाच्या बैठकांमध्ये शोधावं लागतं.

आमदारांना शपथ कोण देतं? अध्यक्ष तर अजून निवडलेलाच नसतो.

त्यासाठी राज्यपाल हंगामी अध्यक्ष नेमतात, साधारणपणे सभागृहातला ज्येष्ठ सदस्य. या वेळी वडाळ्याचे कालिदास कोळंबकर होते. ते सलग नवव्यांदा निवडून आले आहेत. ७ डिसेंबरला विशेष अधिवेशन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी महाविकास आघाडीच्या आमदारांनी ईव्हीएमवर संशय घेत शपथविधीवर बहिष्कार टाकला. त्याच दिवशी समाजवादी पक्षाच्या अबू आझमींनी शपथ तर घेतलीच, शिवाय आघाडीतून बाहेर पडत असल्याचंही जाहीर केलं. उरलेल्या विरोधकांनी दुसऱ्या दिवशी शपथ घेतली, कारण शपथ नाही तर आवाजही नाही. ९ तारखेला राहुल नार्वेकर बिनविरोध अध्यक्ष झाले आणि सरकारने आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव जिंकला.

शपथ ईश्वरसाक्ष घ्यायची की गांभीर्यपूर्वक, हे सदस्य ठरवतो. भाषेवरून मात्र इथे रामायण घडलेलं आहे. २००९ मध्ये याच अबू आझमींनी हिंदीतून शपथ घेतली म्हणून मनसेच्या आमदारांनी त्यांच्यावर हात उचलला आणि चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले.

कोणाचे किती आले?

भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. तिघांचे मिळून २३०. समोर उद्धव ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. समाजवादी पक्ष २ आणि विनय कोरेंचा जनसुराज्य २. रासप, रवी राणांचा युवा स्वाभिमान, एमआयएम, माकप, शेकाप आणि शिरोळची राजर्षी शाहू विकास आघाडी यांचा प्रत्येकी १. अपक्ष फक्त दोन, जुन्नरचे शरद सोनवणे आणि चंदगडचे शिवाजी पाटील.

या यादीतल्या एकेका जागेच्या पक्षांकडे नजर टाकावी. डहाणूतून माकपचे विनोद निकोले पुन्हा आले. सांगोल्यातून शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख आले. अकरा वेळा तिथून आमदार झालेल्या गणपतराव देशमुखांचे ते नातू. त्यांनी हरवलं ते "काय झाडी, काय डोंगार"वाल्या शहाजीबापूंना. आणि मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी वाचले. साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, तेही काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष असताना. दुसऱ्या टोकाला शिरपूरमध्ये भाजपचे काशीराम पावरा यांचं मताधिक्य १,४५,९४४. बाळासाहेब थोरात आणि पृथ्वीराज चव्हाण दोघेही पडले, हे अजूनही अनेकांना खरं वाटत नाही.

यातल्या किती जागा राखीव आहेत?

अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५. एकूण जागा २८८ आहेत त्या १९७८ च्या निवडणुकीपासून. १९६० मध्ये राज्य झालं तेव्हा २६४ होत्या.

महिला किती?

२१. म्हणजे शंभरातल्या सातच्या आसपास. भाजपच्या १४, अजित पवारांच्या राष्ट्रवादीच्या ४, शिंदेंच्या शिवसेनेच्या २ आणि काँग्रेसच्या एकट्या ज्योती गायकवाड, धारावीतून. संपूर्ण विरोधी बाकांवर एक महिला. २०१९ मध्ये सभागृहात २४ महिला होत्या, म्हणजे आकडा खाली आला. "लाडकी बहीण"वर लढलेल्या निवडणुकीत बहिणी मतदानाला रांगेत होत्या, उमेदवारांच्या यादीत फारशा नव्हत्या.

सर्वात तरुण आमदार कोण?

तासगाव-कवठेमहांकाळचे रोहित पाटील, आर. आर. आबांचे चिरंजीव, वय २५. कायद्याने किमान वयही तेवढंच आहे.

विरोधी पक्षनेता का नाही निवडला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तरात दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या आहेत. सभागृहाच्या दहा टक्के म्हणजे २९ आमदार असलेल्या पक्षालाच हे पद, असा संकेत सांगितला जातो. विरोधकांत सर्वात मोठ्या पक्षाचे २०. म्हणून पद नाही, असं सत्ताधारी म्हणतात.

विरोधकांचं म्हणणं असं की विरोधी पक्षनेत्याच्या वेतन-भत्त्यांच्या राज्याच्या कायद्यात दहा टक्क्यांची अट नाही. तिथे विरोधातला सर्वाधिक संख्येचा पक्ष आणि अध्यक्षांची मान्यता एवढंच पाहिलं जातं. मार्च २०२५ मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेने भास्कर जाधवांचं नाव दिलं. ही मान्यता अध्यक्षांच्या हातात असते आणि तिला मुदतीचं बंधन नाही, खरी मेख तिथेच आहे.

उदाहरणं दोन्हीकडची आहेत. २०१४ च्या लोकसभेत ४४ खासदारांच्या काँग्रेसला हे पद नाकारलं गेलं. २०१५ च्या दिल्ली विधानसभेत ७० पैकी ३ आमदारांच्या भाजपला ते मिळालं. मला विचाराल तर पद द्यायला हवं होतं. २३० समोर असताना एका माणसाला कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा आणि दालन दिल्याने सरकार पडत नाही.

मंत्री किती करता येतात?

२००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत. २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणून मुख्यमंत्र्यांसह ४३. १५ डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या राजभवनात ३९ जणांनी शपथ घेतली, ३३ कॅबिनेट आणि ६ राज्यमंत्री. आधीचे तीन धरून ४२ झाले. एक जागा रिकामी राहिली आणि त्या एका जागेवर कितीतरी जणांनी महिनोन्‌महिने आशा लावली. शपथविधी नागपुरात झाला कारण दुसऱ्या दिवशी तिथे हिवाळी अधिवेशन होतं. १९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलेलं आहे.

उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो इतर मंत्र्यांसारखाच मंत्री.

आमदार नसताना मंत्री किंवा मुख्यमंत्री होता येतं का?

येतं, सहा महिन्यांसाठी. तेवढ्यात विधानसभा किंवा विधान परिषद यांपैकी कुठलं तरी सदस्यत्व मिळवावं लागतं. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते. कोरोनामुळे निवडणुका लांबल्या, मुदत जवळ आली आणि अखेर मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. आणखी आठ-दहा दिवस उशीर झाला असता तर पद गेलं असतं.

विधान परिषदेचा आमदार विधानसभेवर निवडून आला तर?

दोन्हीकडे राहता येत नाही, एक सोडावं लागतं. २०२४ मध्ये असं झालं. प्रवीण दटके, रमेश कराड, गोपीचंद पडळकर, आमश्या पाडवी आणि राजेश विटेकर हे परिषदेतून विधानसभेत आले आणि त्यांच्या पाच जागांची पोटनिवडणूक मार्च २०२५ मध्ये लागली. त्या जागांचे मतदार कोण? विधानसभेचे आमदार. बहुमत एवढं एकतर्फी की पाचही जागा बिनविरोध गेल्या.

आमदाराला पक्ष बदलता येतो का?

स्वखुशीने पक्ष सोडला किंवा पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा आदेश, मोडून मतदान केलं, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, आमदारकी जाऊ शकते. अपक्षाने निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तरी जाते. म्हणून अपक्ष नेहमी "पाठिंबा" देतात, "प्रवेश" करत नाहीत. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर संरक्षण होतं. २००३ मध्ये ते काढलं. आता दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीनीकरण एवढीच वाट कागदावर उरली आहे.

कागदावर असं म्हटलं, कारण जून २०२२ मधल्या शिंदेंच्या बंडानंतर महाराष्ट्राने तिसरी वाट पाहिली. फुटायचं नाही, विलीन व्हायचं नाही, आम्हीच मूळ पक्ष म्हणायचं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे पाठवला. अध्यक्षांनी तो १० जानेवारी २०२४ ला दिला, शिंदेंची शिवसेना हीच खरी शिवसेना आणि अपात्र कुणीच नाही. बंडापासून निकालापर्यंत दीड वर्ष गेलं. पक्षांतरबंदीचा कायदा कितीही कडक असो, निवाडा करणारा अध्यक्ष सभागृहातल्या बहुमतानेच निवडलेला असतो.

आमदार निधी आमदाराच्या खात्यात येतो का?

नाही. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आमदार काम सुचवतो, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात आणि पैसे काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातात. समाजमंदिर, शाळेची खोली, सभामंडप, गटार, रस्त्याचा तुकडा अशी कामं यातून होतात.

पण बॅनरवर जे "२०० कोटींचा निधी आणला" लिहिलेलं असतं, ते या ५ कोटींचं नव्हे. तो आकडा बांधकाम खात्याच्या बजेटमधल्या कामांचा, जिल्हा नियोजन समितीचा आणि ग्रामविकासच्या "पंचवीस-पंधरा"चा, म्हणजे २५१५ या लेखाशीर्षाखालच्या कामांचा असतो. खरा भेदभाव इथे होतो. ५ कोटी सत्ताधाऱ्याला तेवढेच आणि विरोधकाला तेवढेच. जिल्हा नियोजन समितीच्या डोक्यावर पालकमंत्री असतो आणि पंचवीस-पंधराची यादी मंत्रालयातून निघते. पालकमंत्रिपदावरून एवढी भांडणं का होतात, हे यावरून कळावं.

सभागृहात आमदार नक्की करतो काय?

मतदारसंघात आमदार दिसतो तो लग्नात, तेराव्याला, उद्घाटनाला. आपण त्याला मोजतोही तिथेच. त्याला ज्या कामासाठी निवडून दिलं ते विधान भवनात असतं आणि तिथे त्याच्याकडे बरीच हत्यारं असतात.

तारांकित प्रश्न हे पहिलं. मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. छापील उत्तरं वाचायची सवय लागली की त्यांची भाषा कळायला लागते. "हे खरे आहे काय?" याला "अंशतः खरे आहे." "असल्यास, काय कारवाई केली?" याला "प्रश्न उद्भवत नाही." या दोन वाक्यांमध्ये कितीतरी घोटाळे शांत झोपलेले आहेत. तरीही हे हत्यार बोथट नाही. प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला फोन जातो, माहिती मागवली जाते आणि तालुक्याच्या कचेरीत धूळ खात पडलेली फाइल त्या आठवड्यात वर येते.

दुसरं, लक्षवेधी. तातडीच्या सार्वजनिक विषयावर मंत्र्याचं लक्ष वेधायचं आणि निवेदन घ्यायचं. एखाद्या लक्षवेधीच्या उत्तरात मंत्री सभागृहातच अधिकाऱ्याच्या निलंबनाची किंवा चौकशीची घोषणा करतो, म्हणून आमदारांचा जीव हिच्यावर. अलीकडे दिवसाला लक्षवेधींचा ढीग लागतो आणि चर्चा रात्रीपर्यंत रेंगाळते. चार आमदार, एक मंत्री आणि पेंगुळलेले अधिकारी एवढ्यांसमोर एखादा महत्त्वाचा विषय संपतो.

त्याखेरीज औचित्याचा मुद्दा, अर्धा तास चर्चा, इतर कामकाज थांबवून चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव, सभागृहाच्या नियम २९३ खालची चर्चा, विरोधकांचा अंतिम आठवडा प्रस्ताव, मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं अशासकीय विधेयक. आणि समित्या. लोकलेखा समिती सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालावर अधिकाऱ्यांची साक्ष घेते. आश्वासन समिती मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दांचा हिशेब ठेवते. पंचायत राज समिती दौऱ्यावर येणार म्हटल्यावर जिल्हा परिषदेत जी धावपळ उडते ती पाहण्यासारखी असते.

अर्थसंकल्प आणि विधेयकांवर मात्र एकट्या आमदाराचं फारसं चालत नाही. व्हिप निघाला की हात वर. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या, हजारो कोटींच्या असतात आणि काही तासांत मंजूर होतात.

पगार किती आणि पेन्शन खरंच आहे का?

मूळ वेतन प्रधान सचिवाच्या वेतनाशी जोडलेलं आहे, त्यावर भत्ते. शिवाय मुंबईत आमदार निवासाची सोय, रेल्वे-एसटीचा प्रवास आणि स्वीय सहायकासाठी रक्कम मिळते. पेन्शन आहे. एका टर्मसाठी महिन्याला ५० हजार रुपये आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे त्यात आणखी २ हजार. वेतनवाढीच्या विधेयकावर सभागृहात गदारोळ झालेला कुणाला आठवत असेल तर कळवावं.

आमदाराला आणखी कुठे मत देता येतं?

राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे. राज्यातून राज्यसभेवर १९ जण जातात. विधान परिषदेच्या ७८ पैकी ३० जागा आमदार निवडतात.

परिषदेचं मतदान गुप्त असतं, म्हणून तिथे मतं "फुटतात". राज्यसभेला मतपत्रिका स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, पण फक्त त्यालाच. जून २०२२ मध्ये नांदगावचे सुहास कांदे यांचं मत याच मुद्द्यावर बाद झालं. निकाल पहाटेपर्यंत लटकला आणि शिवसेनेचे संजय पवार पडून भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले.

आमदारकी जाते कधी?

राजीनामा, अपात्रता, किंवा दोन वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षा. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून शिक्षा झाल्याबरोबर सदस्यत्व जातं, अपिलाची वाट पाहत नाहीत. सावनेरचे सुनील केदार यांची आमदारकी डिसेंबर २०२३ मध्ये अशीच गेली. परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह जागा रिकामी जाहीर करू शकतं. पण अधिवेशनं काही आठवड्यांत गुंडाळली जातात, तेव्हा ६० दिवस भरायचे कसे, हा वेगळाच प्रश्न.

निलंबनाने आमदारकी जात नाही. जुलै २०२१ मध्ये भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन चालणार नाही.

आणि मतदारांना? परत बोलावण्याचा अधिकार आमदाराच्या बाबतीत नाही. जागा रिकामी झाली तर साधारण सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते.

निकाल मान्य नसेल तर?

४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ती उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघातला मतदारही दाखल करू शकतो. एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत पैसे भरून ५ टक्के ईव्हीएमची तपासणी मागता येते.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये वेगळा मार्ग धरला होता. गावाने स्वतः मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. पोलिसांनी ते होऊ दिलं नाही. गंमत म्हणजे त्या मतदारसंघात निवडून आले होते शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे उत्तम जानकर, आणि गावाच्या बाजूने उभेही तेच होते.

आमदारांचं पत्र नेलं की काम होतं का?

पत्र म्हणजे शिफारस, आदेश नव्हे. कार्यालयात त्यावर "नियमानुसार उचित कार्यवाही करावी" असा शेरा पडतो आणि ते पुढच्या टेबलावर जातं. शेऱ्याखाली तारीख आणि आवक क्रमांक आहे का तेवढं पाहून घ्यावं. तो नसेल तर पत्र तिथे कधी आलंच नव्हतं, असं सांगायला कुणालाच अडचण येत नाही. आणि गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही, यासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आहे.

आमच्या आमदाराने सभागृहात काय केलं, हे कुठे पाहायचं?

अधिवेशनाचं थेट प्रक्षेपण असतं. प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाची कार्यवृत्तं विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. प्रत्येक तारांकित प्रश्नाखाली तो विचारणाऱ्यांची नावं छापलेली असतात, आपल्या आमदाराचं नाव तिथे शोधावं. एकेका प्रश्नाखाली पंधरा-वीस नावंही दिसतील, तेव्हा सभागृहात उभं राहून उपप्रश्न कुणी विचारला हे कार्यवृत्तात पडताळून घ्यावं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो. त्यासाठी आमदाराची शिफारस लागते. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि आत बोलायला, टाळ्या वाजवायला मनाई आहे.